कळा सोसल्याचा दाखला

मराठी वर्तमानपत्रांत प्रसववेदना कुणाला होत नाहीत? नव्या पक्षाला होतात, नव्या जिल्ह्याला होतात, कवीला तर कवितेगणिक होतात. चार वर्षं रखडलेला उड्डाणपूल एकदाचा खुला झाला की त्याच्याही प्रसववेदनांचा उल्लेख कुठे ना कुठे येतोच. या सगळ्यांची त्या वेणांतून लवकर सुटका व्हावी असं आपल्याला मनापासून वाटतं. अपवाद फक्त एकीचा, जिला त्या खरोखरच होतात तिचा. तिने ‘यावर औषध असेल तर मला द्या’ म्हटलं की घरातल्या भुवया वर चढतात.

सध्या मी त्या भुवयांच्या समोर बसले आहे. मला पस्तिसावा आठवडा चालू आहे. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर सदतिसाव्या आठवड्यात मला दाखल करून घेतील आणि औषधाने कळा सुरू करतील. त्या कळांवर मी एपिड्युरल, म्हणजे कण्याजवळ नळी ठेवून दिली जाणारी भूल मागून घेणार आहे. डॉक्टरांशी बोलून झालं आहे, भूलतज्ज्ञ बाईंची भेटही झाली आहे. आणि खरं सांगायचं तर, या नऊ महिन्यांत मी आनंदाने वाट पाहिली अशी बाळानंतरची दुसरी गोष्ट हीच.

असं म्हटलं की लोकांना वाटतं, ही फार नाजूक दिसते. म्हणून आधी हे नऊ महिने कसे गेले ते सांगते.

सहाव्या आठवड्यापासून मला उलट्या सुरू झाल्या. सकाळच्या मळमळीबद्दल मी बोलत नाही. मी बोलते आहे ती दिवसातून बारा-पंधरा वेळा होणाऱ्या उलट्यांबद्दल. फोडणीचा वास, साबणाचा वास, नवऱ्याच्या शर्टाचा वास, काहीही पुरत असे. पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. वजन सहा किलोंनी उतरलं. दोनदा दवाखान्यात राहून सलाईन घ्यावं लागलं. या आजाराला ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम’ असं लांबलचक नाव आहे, पण भेटायला येणाऱ्यांच्या लेखी त्याचं नाव ‘सगळ्यांनाच होतं गं’ असंच होतं. कुणी आलेपाक आणून दिला, कुणी लिंबू हुंगायला सांगितलं, आणि एका परिचित बाईंनी ‘मन रमव, म्हणजे थांबेल’ असा सल्ला दिला.

या शेवटच्या सल्ल्याला मोठा इतिहास आहे. कित्येक दशकं वैद्यकातही या उलट्यांचं मूळ बाईच्या मनात शोधलं जात होतं. तिला मूल नकोय, नवऱ्याशी पटत नाही, असले तर्क लढवले जात. शेवटी २०२३ च्या डिसेंबरात ‘नेचर’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झालं. गर्भाकडून आणि वारेतून ‘जीडीएफ-१५’ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं, आणि गरोदरपणाआधी ज्या बाईच्या रक्तात ते कमी असतं तिला त्याचा त्रास जास्त होतो, असं त्यातून दिसलं. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या बाईचा नाजूकपणा म्हटलं गेलं त्याला रसायनशास्त्रातलं नाव मिळालं. ते वाचून माझी एकही उलटी कमी झाली नाही, पण अपराधी वाटणं मात्र त्या दिवशी थांबलं.

विसाव्या आठवड्यानंतर उलट्या ओसरल्या. डोहाळजेवणाचा बेत ठरला, आणि त्याच आठवड्यात साखर वाढल्याचं निघालं. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त तपासतात, त्यात साखर १४० च्या वर गेली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. माझी १६२ होती. त्यामुळे डोहाळजेवणात ताटाभोवती पाच प्रकारची पक्वान्नं आणि ताटात माझी ज्वारीची भाकरी. तेव्हापासून दिवसातून चार वेळा बोट टोचणं चालू आहे. एकतिसाव्या आठवड्यात रक्तदाब १५० वर गेला आणि गोळ्या सुरू झाल्या. आता दर आठवड्याला लघवीतली प्रथिनं, यकृताच्या तपासण्या आणि रक्तातल्या प्लेटलेट मोजल्या जातात.

तर असं सोसून झालं आहे. एका वडीलधाऱ्या बाई मला प्रेमानेच म्हणाल्या, ‘‘इतकं सोसलंस, आता एका दिवसाचं काय?’’ मला मात्र हे गणित उलटं वाटतं. इतकं सोसून झालंय, म्हणूनच जो एक दिवस सोसायची गरज नाही तो तरी का सोसावा?

सासूबाईंची शंका वेगळी होती. ‘‘अगं, कळा आल्याशिवाय बाळाची माया कशी येणार?’’ त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरीखुरी काळजी होती. मी म्हटलं, ‘‘भावजींच्या वेळी तुमचं सिझर झालं होतं ना? मग त्यांच्यावर तुमची माया कमी आहे का?’’ त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग हसून म्हणाल्या, ‘‘त्याच्यावरच जरा जास्त आहे.’’ त्या दिवसापासून आमच्या घरात हा विषय मोकळेपणाने बोलला जाऊ लागला.

कळांचा आणि पुण्याईचा असा जोड लावणारे आपणच एकटे नाही. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन या डॉक्टरने १८४७ च्या जानेवारीत बाळंतपणात प्रथम ईथर वापरलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. लगेच वाद पेटला. ‘तू वेदनेने मुलांना जन्म देशील’ अशा अर्थाचं वचन बायबलात आहे, तेव्हा ती वेदना काढून घेणं म्हणजे ईश्वरी आज्ञेचा भंग, असं काहींचं म्हणणं होतं. सिम्प्सननेही त्याच ग्रंथाच्या आधाराने उत्तर दिलं. आदमची बरगडी काढण्याआधी देवाने त्याला गाढ झोपवलं होतं, याची त्याने आठवण करून दिली. म्हणजे पुरुषावरच्या पहिल्याच शस्त्रक्रियेला भूल होती!

पुढे ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात, राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी, क्लोरोफॉर्म घेतला. तो देणारा डॉक्टर जॉन स्नो. पुढल्याच वर्षी लंडनमधल्या कॉलऱ्याचं मूळ पाण्याच्या पंपात शोधणारा तोच हा. वैद्यकीय नियतकालिकांत टीका झाली, पण राणीने १८५७ साली नवव्या बाळंतपणातही तो पुन्हा मागून घेतला. राणीने घेतल्यावर मग ती गोष्ट प्रतिष्ठित झाली.

आपल्याकडे त्या काळी वेगळंच चित्र होतं. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. त्याच आनंदीबाईंनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्या काळच्या बायकांपुढे वेदनेचा प्रश्नच नव्हता, प्रश्न जगण्याचा होता. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, हे वाक्य त्या दिवसांतलं आहे आणि त्या दिवसांपुरतं ते अक्षरशः खरं होतं. पण जगण्याची शाश्वती वाढल्यावरही ते वाक्य आपण जपून ठेवलं आणि त्याचा अर्थ मात्र बदलला. पूर्वी त्यात भीती होती. आता त्यात अट घातली गेली, की तू इतकं सोसलंस तरच तू खरी आई.

वेदना कमी करण्याच्या साऱ्याच वाटा चांगल्या होत्या असं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये मॉर्फिन आणि स्कोपोलामिन मिळून ‘संधिप्रकाशातली झोप’ देत असत. तिच्यात वेदना पूर्ण जात नसे, जात असे ती वेदनेची आठवण. बाई किंचाळे, हातपाय झाडे, तिला खाटेला बांधावं लागे आणि बाळही गुंगीत जन्माला येई. आजच्या पद्धतीचा यापेक्षा मोठा फरक कुठला असेल, तर हा की बाई पूर्ण जागी असते. १९२१ साली फिदेल पाजेस या स्पॅनिश लष्करी शल्यविशारदाने कमरेतून एपिड्युरल देण्याचं तंत्र मांडलं. १९४७ साली क्यूबातल्या मॅन्युएल मार्टिनेझ कुर्बेलोने त्या जागेत बारीक नळी ठेवून, लागेल तशी भूल देत राहण्याची सोय केली. आज मला जी मिळणार आहे ती याच वाटेने आलेली.

भूलतज्ज्ञ बाईंनी मला ती पाऊण तास समजावून सांगितली. आधी रक्तदाब तपासून शिरेत सलाईन लावायचं. मग खाटेच्या कडेला, रुसलेल्या मुलासारखं पाठ वाकवून बसायचं. कमरेची कातडी लहानशा सुईने बधिर करायची आणि दोन मणक्यांच्या मधून सुई मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीपर्यंत न्यायची. खुद्द मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. सुईतून दोऱ्याएवढी नळी आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि नळी पाठीला चिकटपट्टीने लावून ठेवायची. तिच्यातून बधिर करणारं औषध अगदी कमी मात्रेत आणि त्याच्या जोडीला फेंटॅनिल थोडंसं. पंधरा-वीस मिनिटांत कळ ‘येते’ हे समजतं, पण ती खुपत नाही. पोट घट्ट होतं, दाब जाणवतो आणि बाळाला ढकलायची वेळ आली की बाई स्वतः जोर लावू शकते.

मग मी माझी शंकांची यादी काढली. ती मोठी होती, कारण प्रत्येक भेटणाऱ्याने तीत भर घातली होती.

जन्मभर कंबर दुखते का? टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकतं. पण बाळंतपणानंतरची कंबरदुखी एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही बायकांना सारखीच आढळते. मग सिझर करावं लागतं का? ११ हजारांहून अधिक बायकांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये एकत्र आढावा घेतला. त्यात एपिड्युरलमुळे सिझरचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. पूर्वी मात्रा जास्त असे तेव्हा चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याची वेळ जास्त येई. कमी मात्रेच्या नव्या पद्धतीच्या चाचण्यांत तो फरक उरला नाही. ढकलण्याचा काळ मात्र थोडा लांबू शकतो.

त्यांनी तोटे लपवले नाहीत, हे मला आवडलं. रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून तो सारखा पाहावा लागतो. अंगाला खाज सुटते, हुडहुडी भरते, कधी ताप येतो. पाय जड होतात, लघवीसाठी नळी लागू शकते. दहातल्या एखादीला ती नीट लागू पडत नाही आणि नळी हलवावी किंवा पुन्हा घालावी लागते. शंभरातल्या एखादीला नंतर काही दिवस तीव्र डोकेदुखी होते, तिच्यावर उपचार आहे. नसेला कायमची इजा अतिशय क्वचित होते. ‘‘यातलं काहीही ऐकून तुम्ही नको म्हणालात तरी चालेल,’’ त्या म्हणाल्या. त्यांच्या या एका वाक्याने माझा होकार पक्का झाला.

माझ्या बाबतीत आणखी एक कारण आहे. तीव्र वेदनेत शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं आणि रक्तदाब उसळतो. आधीच वाढलेल्या रक्तदाबाला ते परवडणारं नसतं. शिवाय अचानक सिझर करायची वेळ आली तर त्याच नळीतून मोठी मात्रा देता येते आणि पूर्ण भूल देण्याची जोखीम बहुतेक वेळा टळते. त्यामुळे माझ्यासारखीला डॉक्टर स्वतःहून एपिड्युरल सुचवतात. पण इथेच एक गोम आहे. याच आजारात प्लेटलेट घसरतात आणि त्या सत्तर-ऐंशी हजारांच्या खाली गेल्या तर कण्याजवळ रक्तस्राव होण्याच्या भीतीने ही भूल देता येत नाही. म्हणजे जिला ती सर्वांत उपयोगी, तिलाच ती नाकारली जाण्याची शक्यता. माझा आकडा गेल्या महिन्यात एक लाख नव्वद हजार होता, या आठवड्यात एक लाख अडतीस हजार आहे. दर सोमवारी तपासणीचा कागद हातात पडतो तेव्हा मी बाकीचे सारे रकाने सोडून आधी तो एक आकडा पाहते.

एका गोष्टीचं मला राहून राहून नवल वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातली साडेएकवीस टक्के बाळंतपणं सिझरने झाली. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७ टक्क्यांवर होतं. या प्रत्येक सिझरला भूल दिली गेली आणि तिला कुणी चैन म्हटलं नाही. पोटावर सुरी चालणार असेल तर भूल हक्काची. पण तीच बाई बारा-चौदा तास कळा देणार असेल तर भूल म्हणजे थेर! कॅनडाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदना मोजण्याची प्रश्नावली तयार केली, तिच्यात पहिलटकरणीच्या कळांची नोंद अत्यंत तीव्र वेदनांमध्ये झाली. आणि त्याच पाहणीत हेही दिसलं, की काही थोड्या बायकांना कळा सौम्यच जाणवतात. तेव्हा ‘मला नाही बाई इतकं दुखलं’ म्हणणारी खोटं बोलत नसते. तिने फक्त आपल्या मापाने दुसरीला मोजू नये.

कळांना घाबरून सिझर मागून घेणाऱ्या मुली माझ्या ओळखीत आहेत. त्यांना मधली वाट आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? एपिड्युरलसाठी भूलतज्ज्ञाने तासन्‌तास हाताशी असावं लागतं. आपल्या तालुक्याच्या गावांत भूलतज्ज्ञ सिझरपुरते बोलावले जातात आणि ते झालं की पुढच्या रुग्णालयाकडे निघतात. मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयांत ही सोय पैसे मोजून मिळते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगीही माझ्याच महिन्यातली आहे. ती गावाकडे, ग्रामीण रुग्णालयात बाळंत होणार. माझ्या पाठीत नळी असेल तेव्हा तिच्या पाठीवर निदान कुणाचा हात तरी असावा, असं मला फार वाटतं.

कारण वेदना कमी करण्याचा एपिड्युरल हा एकच उपाय नाही, आणि प्रत्येकीला ती हवी असेल असंही नाही. सोबतीला आपलं माणूस असणं, आडवं पडून न राहता चालणं-बसणं, कोमट पाणी, कमरेला चोळणं, श्वासाची शिकवण, काही रुग्णालयांत मिळणारं नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायूचं मिश्रण, या सगळ्यांचा उपयोग होतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ या कार्यक्रमात प्रसूतिगृहात सन्मानाची वागणूक आणि सोबतीणीची मुभा, दोन्ही धरलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही, निरोगी बाईने मागितल्यास एपिड्युरल द्यावी असं म्हटलं आहे. कागदावर हे सगळं आहे. पण माझ्या मावसबहिणीला कळा असह्य झाल्या तेव्हा एका प्रसूतिगृहात जे शब्द ऐकावे लागले ते इथे छापता येणार नाहीत. तिच्या मुलीला आता सहा वर्षं झाली. कळा विसरल्याचं ती सांगते, पण ते शब्द मात्र तिला पाठ आहेत.

म्हणून ज्यांचे दिवस भरत आले आहेत त्यांना एवढंच सुचवते, की सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ असतील का? खर्च किती? आत सोबत कोण येऊ शकेल? रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, पाठीची शस्त्रक्रिया झालेली असेल तर ते आधीच सांगा. आणि ठरवलेलं ऐनवेळी बदलावंसं वाटलं तर खुशाल बदला. भूल न घेता बाळंत व्हायचं ठरवणारीही माझ्याइतकीच शहाणी. प्रश्न एवढाच आहे, की तिने ते ठरवलेलं असावं. तिच्यासाठी दुसऱ्याच कुणी ते गृहीत धरलेलं नसावं.

माझ्या आईने या सगळ्या चर्चेत तोंड उघडलं नव्हतं. माझ्या वेळी ती मिरजेजवळच्या गावी सव्वीस तास कळा देत होती, हे मी आजीकडून ऐकलेलं. परवा बाळाची दुपटी शिवता शिवता मी तिला विचारलं, ‘‘तुला काय वाटतं गं?’’ ती दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, ‘‘आम्हाला कुणी विचारलंच नाही.’’ त्यात तक्रार नव्हती, मला अडवणंही नव्हतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘‘ती नळी घालताना मला आत थांबू देतील का?’’

भूलतज्ज्ञ बाईंना मी तेही विचारून घेतलं आहे. थांबू देतील. आता वाट पाहायची ती येत्या सोमवारच्या आकड्याची. तो चांगला निघाला तर त्या दिवशी मला बाळाचं पहिलं रडणं शांत मनाने ऐकता येईल. आणि आकडा घसरला, नळी घालता आली नाही, तर कळा येतील त्या मी सोसेन. लाखो जणींनी सोसल्या आहेत. पण त्यांचा दाखला मात्र मला नको.